सोळा घरांची चौकट: चित्रापासून वेबसाइटचा आणि डेस्कटॉपचा आयकॉन

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट सुरू झाली, त्या संध्याकाळी ग्रंथपालबाईंनी व्हॉट्सॲपवर वाचनालयाचं बोधचिन्ह पाठवलं. खाली लिहिलं होतं, "दादा, हे वर टॅबमध्ये लावून द्या ना. तिथे नुसता पृथ्वीचा गोळा दिसतोय."

बोधचिन्ह आपल्याकडच्या संस्थांचं असतं तसंच होतं. गोलात समई, समईमागे उगवता सूर्य, पुढे उघडं पुस्तक, कडेनं वर्तुळाकार संस्थेचं पूर्ण नाव, तळाशी संस्कृत ब्रीदवाक्य आणि स्थापनेचं साल. मी ते एका ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकलं, दोन मिनिटांत आयकॉनची फाइल मिळाली, साइटवर चढवली. टॅबमध्ये जे उमटलं ते बघून बाईंनी विचारलं, "चहाचा डाग पडल्यासारखं का दिसतंय?"

फाइलचं रूपांतर मिनिटभराचं काम आहे, ते कुणीही करेल. माझ्या दोन संध्याकाळी गेल्या त्या त्या गोलातलं काय काय काढून टाकायचं हे ठरवण्यात, आणि ते कार्यकारिणीच्या गळी उतरवण्यात. म्हणून या लेखात रूपांतराआधीच्या कामावर जास्त शब्द खर्च केलेत.

फाइलींची नावं आणि कोडचे शब्द मी बाईंना फोनवर सांगितले तसे उच्चारानं लिहिलेत. टाइप करताना ते इंग्रजी लिपीत आणि लहान अक्षरांतच करायचे.

आयकॉनच्या फाइलीत असतं काय

विंडोजचा आयकॉन ज्या फाइलीत राहतो तिचं शेपूट 'डॉट आयसीओ'. ही फाइल एका चित्राची नसते, ती डब्यासारखी असते. एकावर एक कप्पे असलेला जेवणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. एका कप्प्यात १६ बाय १६ पिक्सेलचं चित्र, दुसऱ्यात ३२ चं, तिसऱ्यात ४८ चं, सगळ्यात मोठ्यात २५६ चं. ज्या जागी जेवढं लागेल तेवढ्या मापाचा कप्पा विंडोज किंवा ब्राउझर उघडतो. फाइलीच्या सुरुवातीला ६ बाइटचं एक छोटं टिपण असतं, त्यात 'हा आयकॉन आहे आणि आत इतकी चित्रं आहेत' एवढंच लिहिलेलं. मग प्रत्येक चित्रामागे १६ बाइटची नोंद. या नोंदीत रुंदीला एकच बाइट दिलाय आणि एका बाइटमध्ये २५५ च्या वरचा आकडा मावत नाही. म्हणून शून्य लिहिलं की त्याचा अर्थ २५६ घ्यायचा असं ठरवून टाकलंय. आयसीओमध्ये २५६ पेक्षा मोठं चित्र सहसा दिसत नाही ते यामुळे.

पूर्वी या कप्प्यांत चित्रं न दाबता, म्हणजे बाइट कमी न करता, बीएमपीसारखी भरलेली असत. विंडोज व्हिस्टापासून कप्प्यात सरळ पीएनजी, म्हणजे दाबून साठवलेलं चित्र, ठेवायची सोय झाली. २५६ बाय २५६ चं चित्र न दाबता ठेवलं तर एकट्याचेच अडीच लाखांहून जास्त बाइट होतात, पीएनजी केलं की तेच बहुतेक वेळा त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी जागेत बसतं.

टॅबमधल्या छोट्या चित्राला फेव्हिकॉन म्हणतात, ते नाव मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मधून आलं. तो १९९९ साली आला. त्यात आवडत्या पानांची यादी 'फेव्हरिट्स' नावानं असायची आणि त्या यादीतला आयकॉन म्हणून फेव्हिकॉन. त्या एक्स्प्लोररमध्ये टॅब नव्हते, टॅबवरची त्याची नोकरी नंतरची.

मूळ चित्र कुठून घ्यायचं

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं बोधचिन्ह वापरू नका. व्हॉट्सॲप चित्र दाबून जेपीजी करून पाठवतं. जेपीजीत पारदर्शकता नसते, म्हणजे गोल चिन्हाच्या चार कोपऱ्यांत पांढरं येतं आणि गडद टॅबवर ते पांढऱ्या चौकोनात बसलेलं दिसतं. शिवाय जेपीजी चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे पाडून दाबतं. १६ च्या आयकॉनमध्ये असे तुकडे बसतात फक्त चार! कडांभोवती जी धुरकट घाण दिसते ती तिथूनच येते.

पाठवणाऱ्याला सांगा की फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी येते. त्याहून चांगलं म्हणजे ज्या छापखान्यानं लेटरहेड छापलं त्यांच्याकडे मूळ फाइल मागा. ती बहुधा कोरलड्रॉमध्ये असेल, तिची एसव्हीजी किंवा पीडीएफ करून द्या म्हणावं. एसव्हीजीत रेषांची गणितं साठवलेली असतात, त्यामुळे हव्या त्या मापात ती न फाटता मोठी-लहान होते. तीही नसेल तर निदान १०२४ बाय १०२४ ची, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी हवी.

चित्र चौरस असायला हवं. लांबट बोधचिन्ह चौकोनात कोंबलं तर वर-खाली मोकळी पट्टी राहते आणि मधलं चित्र आणखी बारीक होतं. लांबट नाव असेल तर त्यातला एखादा तुकडा उचलायचा, सगळं नाव घ्यायचंच नाही.

आणखी एक, कारण हे मी प्रत्यक्ष पाहिलंय: सिंहांची राजमुद्रा, म्हणजे सारनाथच्या अशोकस्तंभाचं शीर्ष, खासगी संस्थेच्या साइटवर आयकॉन म्हणून लावू नका. ती वापरायची कुणी आणि कशी, यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे.

सोळा बाय सोळा: इथे वेळ घाला

गणिताची चौकटीची वही घ्या. सोळा घरं आडवी, सोळा उभी अशी चौकट आखा. एकूण घरं २५६. टॅबमधल्या आयकॉनसाठी तुमच्याकडे एवढीच पुंजी आहे. घर रंगवायचं किंवा सोडायचं. ज्यांनी दारात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे किंवा कशिद्यात फुल्या मोजल्या आहेत त्यांना यात नवीन काही नाही. त्यांना हे काम माझ्यासारख्या संगणकवाल्यापेक्षा लवकर जमतं, हे मी घरातच पाहिलंय. १९८४ साली ॲपलचा मॅकिन्टॉश आला तेव्हा त्याचे आयकॉन सुझन केअर यांनी असेच चौकटीच्या कागदावर घरं भरून आखले होते, ३२ बाय ३२ मध्ये. पुढे विंडोज ३.० चे आयकॉनही त्यांनीच काढले.

आता वाचनालयाचं चिन्ह या चौकटीत बसवून बघू. कडेच्या वर्तुळातलं नाव: एका अक्षराच्या वाट्याला एक घरसुद्धा येत नाही, गेलं. ब्रीदवाक्य आणि साल: गेलं. सूर्याचे किरण एकाआड एक घर रंगवून दाखवता येतात, पण ते करवतीचे दात वाटतात. समईची ज्योत दोन घरांची, खालचा दांडा दोन घरांचा, लांबून बघितलं तर बुद्धिबळाचं प्यादं. पुस्तक मात्र उघड्या पानांचं, मधून दुमडलेलं, सोळा घरांत ओळखू येतं. पण पुस्तकाचा आयकॉन हजार ठिकाणी आहे. दहा टॅब उघडे असताना आपला कुठला हे कळायला हवं.

मी सुचवलं, नुसतं 'वा' घ्या. वाचनालयातला वा. अध्यक्ष म्हणाले, "समई काढली तर देणगीदारांना काय सांगू?" त्यांना मी टॅबमधली समई दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मग 'वा' तर 'वा'. ऐकायलाही बरं आहे."

देवनागरी अक्षर सोळा घरांत बसवताना रोमन अक्षरापेक्षा जास्त विचार करावा लागतो, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत हे सापडत नाही. शिरोरेघेला किमान दोन घरांची जाडी हवी. एका घराची ठेवली तर ती केसासारखी दिसते आणि तीन दिली तर खालच्या अक्षराला जागा उरत नाही. आमच्या 'वा' चा हिशेब असा: वर तीन घरं मोकळी, दोन घरं शिरोरेघ, नऊ घरं अक्षराचं अंग, खाली दोन मोकळी. सोळा झाली. आडवं मोजलं तर डावीकडे दोन मोकळी, 'व' च्या पोटाची डावी भिंत दोन, पोटातली पोकळी तीन, 'व' चा दांडा दोन, फट तीन, काना दोन, उजवीकडे दोन मोकळी. पुन्हा सोळा. पोकळी दोन घरांपेक्षा कमी झाली की पोट बुजतं आणि 'व' कुठला अन् 'ब' कुठला ते कळत नाही.

यावरून तुमचं अक्षर निवडताना काही गोष्टी ध्यानात येतील. 'म', 'ग', 'प', 'न' अशी सरळ दांड्याची अक्षरं सोपी. वेलांटी किंवा मात्रा आली की वर निदान तीन-चार घरं जातात आणि अंग बुटकं होतं. 'क्ष', 'ज्ञ', 'श्री' सोळा घरांत बसवायच्या भानगडीत पडू नका, ते ४८ च्या पुढे शोभतात. उकार खाली लोंबतो, त्यालाही जागा द्यावी लागते. 'कु' आणि 'कू' मधला फरक या मापात दाखवता येतच नाही.

पार्श्वभूमी पारदर्शक ठेवायची की रंगीत? माझं मत रंगीत. गर्द निळ्या किंवा विटकरी चौकोनावर पांढरं अक्षर, कोपऱ्यातलं एकेक घर सोडून दिलेलं. पारदर्शक पार्श्वभूमीवरचं काळं अक्षर ब्राउझरच्या गडद रूपात दिसेनासं होतं, पांढरं अक्षर उजळ रूपात. रंगीत पाट मांडला की दोन्हीकडे निर्धास्त.

संगणकावर आखणी

वहीतली चौकट आता संगणकावर उतरवायची. मी गिंप हा चित्रं काढायचा प्रोग्राम वापरतो. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. नवीन चित्र १६ बाय १६ चं घ्या, भिंगानं १६०० टक्क्यांपर्यंत मोठं करा, 'व्ह्यू' मेनूतून ग्रिड दाखवा. घरं रंगवायला ब्रश घेऊ नका, पेन्सिल घ्या, तिचं माप १ ठेवा. ब्रश कडेला फिकट रंग पसरवतो, पेन्सिल घर पूर्ण भरते किंवा सोडते. झालं की पीएनजी म्हणून एक्स्पोर्ट करा.

३२ साठी १६ चं चित्र दुप्पट करून चालतं, पण मग कडा दातेरी राहतात. पुन्हा वेगळं काढा, आता घरं चौपट आहेत, 'व' चं पोट गोल करता येईल. ४८ पासून पुढे हातानं भरायची गरज नाही. तिथे इंकस्केप या रेषाचित्रांच्या प्रोग्राममध्ये टंकातलं (फॉन्टमधलं) अक्षर घ्या आणि हव्या मापांत पीएनजी काढा. मुंबईच्या एकटाइप या टंक बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे टंक मुक्त परवान्याचे आहेत, जाड वजनातही उपलब्ध आहेत, बोधचिन्हात वापरायला अडचण नाही.

इंकस्केपमध्ये एक काम विसरू नका. अक्षर पक्कं झालं की 'पाथ' मेनूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' दाबा. त्यानं अक्षराचं रूपांतर नुसत्या आकारात होतं. ते नाही केलं तर एसव्हीजीत टंकाचं फक्त नाव राहतं. समोरच्याच्या संगणकावर तो टंक नसला की कुठलातरी दुसरा टंक येतो आणि तुमची मोजून आखलेली शिरोरेघ भलतीकडेच जाते.

२५६ आणि त्याहून मोठ्या मापांत वाटल्यास समई परत आणा, अक्षराच्या बाजूला. तिथे जागा आहे. आम्ही आणली, अध्यक्ष खूश झाले. एकाच आयकॉनच्या वेगवेगळ्या कप्प्यांत वेगवेगळं चित्र असलं तर चालतं, रंग आणि ठेवण तेवढी सारखी हवी.

डबा भरणे: आयसीओ तयार करा

तुमच्याकडे आता चार पीएनजी असतील: १६, ३२, ४८, २५६. विंडोजच्या डेस्कटॉपसाठी २४ चीही एक करा, कारण टास्कबारवर साध्या मापात २४ लागतं. शिवाय लॅपटॉपवर पडद्याचं प्रमाण पुष्कळदा १५० टक्के ठेवलेलं असतं, तेव्हा १६ च्या जागीही २४ च मागितलं जातं.

गिंपमध्ये 'फाइल' मेनूतून 'ओपन ॲज लेयर्स' निवडा आणि सगळ्या पीएनजी एकदम उघडा. प्रत्येक फाइल एक थर होते. मग 'एक्स्पोर्ट ॲज' दाबून नावाच्या शेवटी डॉट आयसीओ लिहा. एक चौकट उघडेल, त्यात प्रत्येक थर स्वतंत्र कप्पा म्हणून दिसेल. सगळ्यांना ३२ बिट आणि ८ बिट अल्फा हा पर्याय ठेवा, म्हणजे पारदर्शकता नीट राहते. २५६ च्या समोर 'कम्प्रेस्ड' वर खूण करा, लहानांना गरज नाही. २५६ पेक्षा मोठा थर चुकून राहिला असेल तर आधी काढून टाका.

कमांड लिहायची सवय असेल तर इमेजमॅजिक हे साधन एका ओळीत हे करतं. मोठी पीएनजी द्यायची, 'ऑटो रिसाइझ' च्या पर्यायात हवी ती मापं स्वल्पविरामानं लिहायची, शेवटी आयसीओचं नाव. पण ते एकाच चित्राची सगळी मापं करतं, म्हणजे हातानं काढलेलं १६ चं यात येणार नाही. पन्नास आयकॉन करायचे असतील तेव्हा वापरा.

ऑनलाइन कन्व्हर्टर वाईट नसतात. रिअल फेव्हिकॉन जनरेटरसारखी साइट वेगवेगळ्या उपकरणांसाठीचा पूर्ण संच करून देते आणि तो कसा दिसेल ते आधी दाखवते. तीन गोष्टी पाहा: एकाच मापाची आयसीओ तर देत नाहीत ना, ज्या पानावर चार-पाच 'डाउनलोड' बटणं आहेत त्यातलं खरं कुठलं, आणि उतरलेली फाइल 'डॉट ईएक्सई' तर नाही ना. आयकॉन मागितला आणि ईएक्सई आली तर न उघडता पुसून टाका. अजून जाहीर न झालेलं बोधचिन्ह असेल तर ते कुठेच चढवू नका, गिंपमध्येच करा.

आता नवशिक्यांची सगळ्यात लाडकी चूक. पीएनजीचं नाव बदलून शेवटी आयसीओ लिहिलं की आयकॉन झाला, अशी समजूत. ब्राउझर समजूतदार असतात, आत डोकावून पीएनजी ओळखतात आणि दाखवतातही. विंडोज ऐकत नाही, फाइलमध्ये आयकॉन नाही म्हणतं. शंका आली तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. अगदी सुरुवातीलाच पी, एन, जी ही अक्षरं दिसली तर ती वेष बदललेली पीएनजी आहे.

याचंच भावंड म्हणजे लपलेलं शेपूट. विंडोज मुळात फाइलीचं शेपूट दाखवत नाही. तुम्ही नाव 'फेव्हिकॉन डॉट आयसीओ' देता आणि प्रत्यक्षात ती 'फेव्हिकॉन डॉट आयसीओ डॉट पीएनजी' असते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मधून 'शो' आणि तिथे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करून ठेवा, कायमची.

वेबसाइटवर लावणे

साइट वर्डप्रेसवर असेल तर आयसीओचा सारा खटाटोप नको. 'सेटिंग्ज' मधल्या 'जनरल' पानावर 'साइट आयकॉन' आहे, जुन्या आवृत्तीत तो 'ॲपिअरन्स', 'कस्टमाइझ', 'साइट आयडेंटिटी' असा सापडेल. ही सोय २०१५ पासून आहे. ५१२ बाय ५१२ ची चौरस पीएनजी द्या, बाकीची मापं वर्डप्रेस स्वतः करतं. अडचण एवढीच की सोळाचं चित्रही त्या ५१२ मधूनच लहान होऊन येतं. म्हणून ५१२ मध्ये समई घालू नका, तिथेही जाड 'वा' च द्या. ब्लॉगरमध्ये 'सेटिंग्ज' खाली 'फेव्हिकॉन' आहे, तिथे चौरस आणि १०० केबीपेक्षा लहान चित्र लागतं.

स्वतः लिहिलेली साइट असेल तर:

१. आयसीओ फाइलीला 'फेव्हिकॉन डॉट आयसीओ' हेच नाव द्या, म्हणजे एफ-ए-व्ही-आय-सी-ओ-एन. साइटच्या मुळाशी, म्हणजे मुखपृष्ठाची फाइल जिथे आहे त्याच फोल्डरात ठेवा. ब्राउझर तिथे आपणहून शोधायला जातात. सर्व्हर बहुधा लिनक्सवर असतो आणि त्याला लहान-मोठी अक्षरं वेगळी वाटतात, त्यामुळे पहिला एफ मोठा झाला तर फाइल सापडणार नाही.

२. पानाच्या 'हेड' भागात एक 'लिंक' टॅग लिहा, त्यात 'आरईएल' समोर 'आयकॉन' आणि 'एचआरईएफ' समोर फाइलीचा पत्ता, तिरप्या रेघेनं सुरू होणारा. जुन्या धड्यांत 'शॉर्टकट आयकॉन' असं लिहिलेलं सापडेल, त्यातला 'शॉर्टकट' हा एक्स्प्लोररच्या जमान्यातला आहे, नुसतं 'आयकॉन' पुरतं.

३. एसव्हीजी असेल तर तिच्यासाठी आणखी एक तसाच टॅग, त्यात 'टाइप' ही लिहा. फायरफॉक्स आणि २०२० पासूनचा क्रोम ती वापरतात.

४. आयफोनवर कुणी साइट होम स्क्रीनवर ठेवली तर 'ॲपल टच आयकॉन' लागतो. १८० बाय १८० ची पीएनजी, पारदर्शक नको, पारदर्शक जागा तिथे काळी होते. कोपरेही तुम्ही गोल करू नका, आयफोन करतो.

५. अँड्रॉइडसाठी 'मॅनिफेस्ट' नावाची छोटी फाइल असते, तीत १९२ आणि ५१२ च्या पीएनजींचे पत्ते द्या. तिथे 'मास्केबल' म्हणून दिलेला आयकॉन फोन आपल्या मर्जीनं गोल, चौकोनी, थेंबासारखा कापतो. त्यामुळे महत्त्वाचं सगळं मधल्या ८० टक्के व्यासाच्या वर्तुळात ठेवा. ५१२ मध्ये हे वर्तुळ साधारण ४१० पिक्सेलचं.

टाकलं आणि तरी पृथ्वीचा गोळाच दिसतोय? घाबरू नका, आणि फाइल दहादा चढवूही नका. ब्राउझर फेव्हिकॉन वेगळा साठवून ठेवतो, साधं रिफ्रेश केलं तरी पुष्कळदा जुनाच दाखवतो. पत्त्याच्या पट्टीत साइटच्या नावापुढे तिरपी रेघ देऊन फेव्हिकॉन डॉट आयसीओ लिहा आणि फाइल थेट उघडा. नवं चित्र दिसलं तर तुमचं काम झालंय, ब्राउझरला उशिरा जाग येतेय. खासगी (इनकॉग्निटो) खिडकीतही बघा. अगदीच हटत नसेल तर टॅगमधल्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, व्ही, बरोबरचं चिन्ह आणि दोनाचा आकडा जोडा, ब्राउझरला ती नवी फाइल वाटते. गूगलच्या शोधात नावाशेजारी येणारं चित्र बदलायला मात्र काही दिवस किंवा त्याहून जास्त लागतात, तिथे कुठलीही युक्ती चालत नाही. गूगलला चौरस आणि ४८ पेक्षा मोठं चित्र आवडतं, म्हणून डब्यात ४८ वर थांबू नका.

डेस्कटॉपवर लावणे

वाचनालयातल्या संगणकावर पुस्तकनोंदणीचा एक शॉर्टकट होता, त्यालाही 'वा' लावायचं ठरलं. विंडोजवर शॉर्टकटवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'शॉर्टकट' टॅब, 'चेंज आयकॉन', मग 'ब्राउझ' करून आयसीओ दाखवा. वेबसाइटचा शॉर्टकट असेल तर तेच बटण 'वेब डॉक्युमेंट' टॅबमध्ये असतं. फोल्डरसाठी 'कस्टमाइझ' टॅबमध्ये.

इथे मी एक गाढवपणा केला. आयसीओ माझ्या पेन ड्राइव्हवर होती, तिथूनच निवडली आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून घरी आलो. शॉर्टकट आयकॉनची प्रत ठेवत नाही, फक्त पत्ता लक्षात ठेवतो. काही दिवसांनी बाईंचा फोन, "दादा, वा गेलं, कोरा कागद आला." आयसीओ आधी संगणकावर अशा जागी ठेवा जिथून ती हलणार नाही. 'डॉक्युमेंट्स' मध्ये आयकॉनचा फोल्डर करा. 'डाउनलोड्स' नको, तो कुणीतरी कधीतरी साफ करतोच.

मॅकवर आयसीओ लागत नाही. पीएनजी 'प्रिव्ह्यू' मध्ये उघडून सगळं निवडा, कॉपी करा. ज्या फोल्डरला लावायचं त्यावर 'गेट इन्फो' उघडा, डावीकडे वर असलेल्या छोट्या चित्रावर एकदा क्लिक करा, ते उजळेल, मग पेस्ट. ॲप बनवणाऱ्यांना मात्र 'डॉट आयसीएनएस' फाइल लागते. त्यासाठी १६ पासून १०२४ पर्यंतच्या दहा पीएनजी ठरावीक नावांनी एका 'आयकॉनसेट' फोल्डरात ठेवायच्या आणि मॅकमधल्याच 'आयकॉनयूटिल' कमांडला द्यायच्या. नावातलं एक अक्षर चुकलं तरी ती कुरकुरते.

लिनक्सवर पीएनजी किंवा एसव्हीजी सरळ चालते. नोम या डेस्कटॉपच्या 'फाइल्स' प्रोग्राममध्ये फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज' उघडून त्यातल्या चित्रावर क्लिक करा आणि नवं निवडा. मेनूत दिसणाऱ्या प्रोग्रामसाठी त्याच्या 'डॉट डेस्कटॉप' फाइलीत 'आयकॉन' च्या ओळीत चित्राचा पूर्ण पत्ता लिहा.

शेवटची तपासणी पडद्यापासून दोन हात मागे सरकून करा. दहा-बारा टॅब उघडा, मध्येच कुठेतरी आपला ठेवा, उजळ आणि गडद दोन्ही रूपांत. मग ज्यानं हा आयकॉन आधी पाहिलेला नाही अशा कुणाला तरी विचारा, काय दिसतंय. मी वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्या एका आजोबांना विचारलं. ते वाकून बघत म्हणाले, "वा." मला अजून कळलेलं नाही की त्यांनी अक्षर वाचलं की दाद दिली.